नखाएवढी चीर

मित्रांनो, मी एक जुना सहाचाकी ट्रक. कधीकाळी निळा होतो. आता रंग विचारलात तर मलाही जरा आठवावं लागेल. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा चावी फिरवताच सुरू व्हायचो, आणि उभ्या जागी इतका शांत चालायचो की बॉनेटवरच्या पेल्यातलं पाणी हलत नसे. लाकडाच्या एका वखारीच्या मालकांनी मला विकत घेतलं. ओंडके आणायचे, चिरलेल्या फळ्या पोचवायच्या, हेच माझं आयुष्य झालं.

एकोणीस वर्षं मला एकाच माणसानं चालवलं. कुणी घाई केली की तो म्हणायचा, “दमानं घ्या.” म्हणून सगळे त्याला ‘दमाने’च म्हणू लागले. खरं नाव बहुधा त्याच्या बायकोलाच माहीत असावं. मालक कौतुकानं म्हणायचे, “ट्रक माझा आहे, पण ऐकतो दमान्याचं.”

पुढे मालक वारले. मालकीणबाईंनी कारभार जावयाच्या हाती दिला. या जावईबापूंना जुन्या वस्तूंचा तिटकारा होता. मी जुना, दमाने त्याहून जुने.

नेमकं तेव्हाच माझं दुखणं सुरू झालं. सकाळी सेल्फ मारला की मी नुसता घरघरायचो. बॅटरी दमेपर्यंत इंजिन काही धरायचं नाही. शेवटी धरलंच, तर पांढरा धूर ओकत, ताप चढल्यासारखा थडथडायचो. पाव तासानं पुन्हा ठणठणीत.

दमान्यांनी आठवडाभर मला नुसतं पाहिलं. उतारावर तोंड खाली करून उभं केलं, तर मी पटकन सुरू झालो. टाकी भरलेली असताना कमी त्रास दिला. इंजिनाजवळच्या हातपंपानं डिझेल वर ओढून घेतलं, तर एका सेल्फमध्ये उठलो. मग ते जावईबापूंकडे गेले.

“बापू, इंजिन चांगलं आहे. टाकीकडून येणाऱ्या पाइपात कुठेतरी हवा शिरतेय. गाडी उभी राहिली की डिझेल मागे उतरतं. रबरी पाइप बदलून बघू या.”

“खाली एक थेंब तरी पडलाय का?”

“हा ओढून घेणारा पाइप आहे, बापू. तो बाहेर गळत नाही, आत हवा घेतो.”

“हवा तुझ्याच डोक्यात गेलीय,” जावईबापू म्हणाले. “तू गाडी चालव. अक्कल आम्ही चालवू.”

मग मला नवी बॅटरी आली. नवा सेल्फ आला. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून, साफ करून बसवले. मी होतो तसाच. वखारीचं काम अडू नये म्हणून बिचारे दमाने सगळ्यांच्या आधी यायचे, बाटलीतलं डिझेल फिल्टरमध्ये भरायचे आणि हातपंप मारून मला उठवायचे.

एके सकाळी जावईबापू लवकर आले. दमाने माझ्याखाली वाकलेले, हात डिझेलनं माखलेले, शेजारी बाटली.

“सापडला!” जावईबापू ओरडले. “म्हणून सुरू होत नाही होय गाडी! तूच डिझेल पितोस तिचं!”

करवतीवरची माणसं जमली. जावईबापूंनी दमान्यांची पिशवी जमिनीवर उपडी केली. पोळीभाजीचा डबा, कंगवा, चष्म्याचं घर. डबा पायानं उघडून बघितला, पोळी मातीत पडली. मग दमान्यांचे हात धरून एकेकाच्या नाकाशी नेले. “घ्या वास. एकोणीस वर्षांचा वास आहे हा!” माणसं हसली. त्यांतल्या निम्म्यांनी त्या डब्यातलं खाल्लेलं होतं.

मालकीणबाई पायरीवर उभ्या होत्या. दमाने त्यांच्याकडे वळले. “बाई, तुम्ही तरी सांगा.”

बाई आत निघून गेल्या.

दमान्यांनी चावी माझ्या बॉनेटवर ठेवली, ती पोळी मातीतून उचलली आणि चालते झाले. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं.

माझे हाल त्यानंतर सुरू झाले. नव्या ड्रायव्हरनं बाजारातून इंजिन झटकन पेटवणाऱ्या फवाऱ्याचा डबा आणला आणि हवेच्या नळीत भसाभस मारला. स्फोट व्हावा तसा मी उसळलो. आत काहीतरी तडकलं. तेव्हापासून मी ऑइलही खाऊ लागलो.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. डिझेलबरोबर बुडबुडे पळताना सगळ्यांना दिसले. मग त्यानं पाइप चाचपला. पाइप आवळणाऱ्या पट्टीच्या खाली रबराला नखाएवढी चीर होती.

“दहा मिनिटांचं काम,” मिस्त्री म्हणाला. “आधी कुणाच्या लक्षात नाही आलं?”

“नाही बुवा,” जावईबापू म्हणाले. मालकीणबाई तिथेच होत्या. त्यांनी मिस्त्रीचे पैसे मोजून दिले.

इकडे दमान्यांना कुणी गाडीवर घेईना. चोर ही ओळख त्यांच्याआधी प्रत्येक फाटकात पोचलेली असायची. ते पोती वाहू लागले. पाइपाची गोष्ट मिस्त्रीकडूनच त्यांच्या कानावर गेली, तसे ते वखारीत आले.

“बापू, नोकरी नको. फक्त या माणसांसमोर एकदा म्हणा, मी चोर नव्हतो.”

“गाडी चालू झाली ना? मग विषय संपला.”

बाई म्हणाल्या, “जाऊ दे रे, जुनं कशाला उकरतोस?”

जावईबापूंनी ड्रायव्हरला हाक मारली. “काढ रे गाडी, उशीर होतोय.”

त्या दिवशी अडून बसावं असं मला फार वाटलं. पण नव्या पाइपातून डिझेल नीट येत होतं. मी एका सेल्फमध्ये उठलो. माझ्या मागच्या चाकाला दगड लावलेला होता, तो काढायचा ड्रायव्हर विसरला होता. दमान्यांनी वाकून तो बाजूला केला आणि हातानं मला वाट दाखवली. त्यांच्या तोंडावर धूर सोडत मी फाटकाबाहेर पडलो.

मित्रांनो, जुनं यंत्र अडलं तर त्याला नवे भाग डकवण्याआधी खाली वाकून बघा, आणि जो रोज त्याच्याजवळ असतो त्याला विचारा. आणि कुणाला चोर म्हणालात नि चूक कळली, तर जेवढ्या मोठ्यानं म्हणालात तेवढ्याच मोठ्यानं ते मागे घ्या. माझा पाइप दहा मिनिटांत बदलला. दमान्यांना अजून कुणी गाडी दिलेली नाही.