शंभर टक्क्यांच्या आड आलेली मुलगी

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. एकोणीस वर्षं गणित शिकवतेय आणि मुलं माझ्या पाठीमागे मला 'तोफ' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. तोफ तर तोफ. पण त्या सोमवारी शिक्षकांच्या खोलीत मी उडाले ती मुलांवर नाही, थेट मुख्याध्यापकांवर.

झालं असं, की आमच्या शाळेचा दहावीचा निकाल सहा वर्षं शंभर टक्के लागत होता. कसा? तर परीक्षेचे फॉर्म भरायच्या आधी कच्च्या मुलांच्या आईवडिलांना बोलावायचं, चहा पाजायचा आणि गोड बोलून पोराला बाहेरून परीक्षेला बसवा म्हणायचं. बाहेरून बसलेलं मूल शाळेच्या निकालात धरत नाहीत. यंदा तशी एकच मुलगी होती. शेवटच्या बाकावरची, वेणी पुढे घेऊन तिचं टोक चावणारी. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, शाळा ठेवत नसेल तर बाहेरून बिहेरून काही नाही, सरळ मावशीच्या दुकानात शिलाई मशीनवर बसवतो.

"सर," मी म्हटलं, "काल चर्चमध्ये हरवलेल्या मेंढराची गोष्ट तुम्हीच वाचलीत ना? त्या मेंढपाळाने शंभर पुरे व्हावेत म्हणून एकाला शोधलं. तुम्ही शंभर पुरे व्हावेत म्हणून एकीला हाकलताय!"

सर आमच्या चर्चच्या कमिटीवरही आहेत. ते लालबुंद झाले. "बाई, बोलायला काय जातं? पहिल्या चाचणीत तिला अकरा, दुसरीत नऊ. एवढा पुळका असेल तर तुम्ही घ्या जबाबदारी. लेखी द्या."

"देते की!" मी म्हणाले, आणि तिथल्या तिथे लिहून दिलं. माझ्या जिभेला हाड नाही, तसं पेनलाही नाही.

घरी पोचेपर्यंत डोकं ताळ्यावर आलं. कारण मी जाणार होते. पाच वर्षं अर्ज केल्यावर मिशनचं पत्र आलं होतं. दूरच्या दवाखान्यात, आजाऱ्यांच्या सेवेला, वर्षभरासाठी. दोन महिन्यांत हजर व्हायचं होतं, आणि परीक्षेला चार महिने होते. देवाने मला कामाला लावावं म्हणून पाच वर्षं गुडघे टेकले होते मी. शाळा काय, पोटापाण्यासाठी. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शर्टाला इस्त्री करत होता. मान वर न करता म्हणाला, "मला विचारशील तर काखेत कळसा नि गावाला वळसा चाललाय तुझा." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, शाळा सुटल्यावर, मुलीला थांबवून घेतलं. साधं समीकरण दिलं. तिने एक ओळ लिहिली, मी बाकाशेजारी जाऊन उभी राहिले आणि पेन्सिल थांबली. मी समजावलं. पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. "अगं, तोंड उघड ना! नेमकं कुठे अडतं तुझं?"

ती वहीत बघत म्हणाली, "तुम्ही जवळ आलात की, बाई."

आधी मला रागच आला. मग असं झोंबलं म्हणता! अकरा आणि नऊ तिचे नव्हते, माझे होते. सरांना मेंढपाळाची गोष्ट ऐकवताना मोठी शूर झाले होते मी, आणि मेंढरू पळालं होतं ते माझ्याच आरड्याओरड्याने. दिव्याखाली अंधार तो हाच.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "माफ कर मला." ती इतकी घाबरली, की दाराकडेच बघायला लागली.

मग मी तिच्या हातात खडू दिला आणि स्वतः जाऊन शेवटच्या बाकावर बसले. "आजपासून तू बाई, मी ढ. मला शिकव."

पहिला आठवडा नुसता खडूचा आवाज. दुसऱ्या आठवड्यात तिला कंठ फुटला. एकदा मी विचारलं, "बाई, मायनस पलीकडे गेला की प्लस का होतो?" तिला येईना. येणार कसं? मी कधी सांगितलंच नव्हतं. 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं, गप्प लिहा,' एवढंच शिकवलं होतं मी, एकोणीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी ती दप्तर टेबलावर ठेवून उभी. "हे बघा, या दप्तरातून तीन वह्या काढल्या, पाच उरल्या. तिकडे बाकावरही पाच आहेत. आता दप्तरात तीन परत टाकल्या, तर बरोबरीला बाकावरही तीन ठेवायला नकोत? पलीकडे काही जातच नाही. दोन्हीकडे सारखं करायचं, बस्स."

मी मुद्दाम पुन्हा चुकले. परत चुकले. तिने डस्टर टेबलावर आपटलं. "लक्ष कुठे आहे तुमचं?" आणि लगेच जीभ चावली.

मी हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. ती पण हसायला लागली. त्या खडूच्या धुळीत बसल्याबसल्या मला कळलं, की देवाने मला एकोणीस वर्षांपूर्वीच कामाला लावलंय. मीच रोज हजेरी घेऊन गैरहजर राहत होते. इतका आनंद मला आयुष्यात क्वचित झाला असेल. घरी जाऊन मिशनला पत्र लिहिलं, "आभारी आहे. मला काम मिळालं आहे." नवऱ्याने पत्र वाचलं आणि शहाण्यासारखं पाकिटाला तिकीट चिकटवलं.

निकाल लागला. गणितात तिला अठ्ठावन्न! मी शिक्षकांच्या खोलीत अशी ओरडले, की शिपाई पाणी घेऊन धावत आला. शाळेचे शंभर टक्के मात्र हुकले. सरांच्या भरवशाची दोन मुलं विज्ञानात नापास झाली.

"आता हो?" सर केबिनमध्ये हातात कागद धरून म्हणाले.

"आता काय? फेरपरीक्षेच्या तयारीला पाठवा दोघांना उद्यापासून, तीन वाजता."

सरांनी कागदाची घडी घालून खणात टाकली. "पुढच्या वर्षीपासून," ते हळूच म्हणाले, "कुणाच्याच आईवडिलांना चहाला बोलवायचं नाही. माझंही चुकलंच, बाई."

तेवढ्यात दारात मुलगी आणि तिचे वडील. त्यांनी मला हात जोडले. "बाई, तुम्ही सांगाल तसं. हिला पुढे कशाला घालू?"

मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं माझ्याकडे, कॉलेज कुठलं, विषय कुठले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "माझं शिक्षण आहे ना? मग मला विचारा." आणि मुख्याध्यापक, वडील आणि मी अशा तिघांच्या देखत, खुर्ची ओढून बसून, ती न अडखळता सांगायला लागली.

मी तोंड मिटून घेतलं आणि ऐकत राहिले.