नाचिमुत्तूंची चूक

पूंगोडीने थ्रॉटल अर्ध्यावर धरला आणि लॅपटॉपकडे पाहिलं. आकडा पंधरावरच अडून बसला होता, पाहिजे होता तेरा. म्हणजे एक भाग पेट्रोलला पंधरा भाग हवा, इंजिन उपाशी. तिने चौथ्यांदा पेट्रोल वाढवलं. आकडा तसूभर हलला, गाडी मात्र चाकांखालच्या रोलरवर जागच्या जागी खोकायला लागली.

"कण्णू, पोरी, त्या डबड्याला काय विचारतेस? बापाला विचार की," गाडीचे मालक वेल्लिंगिरी म्हणाले. उद्या सकाळी याच गाडीने ते शर्यतीत उतरणार होते. "अख्ख्या कोइम्बतूरच्या गाड्या ह्याच्या कानावर पळाल्यात."

खोटं नव्हतं ते. कार्ब्युरेटरच्या जमान्यात नाचिमुत्तू नुसत्या आवाजावर इंजिन जुळवायचे. तेवढेच हट्टीही होते. आपलं चुकलं असं त्यांनी जन्मात कबूल केलं नव्हतं. महिन्यापूर्वी मात्र त्यांनीच जाहीर केलं, ट्यूनिंग पोरीचं, पाने आणि नटबोल्ट माझे. आज ते स्टुलावर बसून बघत होते. शर्यतीची ही तिची पहिलीच गाडी. ती हातची गेली, तर पुन्हा कोण तिच्या हातात चावी देणार?

"अर्धा तास द्या, अण्णा," पूंगोडी म्हणाली. "नाही जमलं तर बसवा अप्पांना."

तिने इंजिन बंद करून प्लग काढला. काळाकुट्ट! उपाशी इंजिनाचा प्लग पांढरट निघतो. हे तर पोट फुटेस्तोवर जेवलेलं होतं. लॅपटॉपला आकडा पुरवणारा, सायलेन्सरच्या पाइपातला सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. मग हा जादाचा ऑक्सिजन आला कुठून?

प्लग बसवून तिने इंजिन पुन्हा चालू केलं आणि सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबलं. इंजिन आणि सेन्सर यांच्यामधल्या पाइपाच्या जोडातून फुस्स आवाज आला. एरवी त्याच फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सर बिचारा तीच मोजत होता.

पाइप निवल्यावर तिने बोल्ट उघडले. आत जोड हवाबंद ठेवणारं गॅस्केट होतं, पण जुनंच, कडेने पेस्ट चोपडून पुन्हा बसवलेलं. सकाळी हा जोड अप्पांनीच लावला होता. त्यांच्या काळात एवढ्याशा फटीने कुणाचं काही बिघडत नसे. पूंगोडीने ते पटकन खिशात कोंबलं, नवीन बसवलं आणि वाढवलेलं पेट्रोल काढून टाकलं. आकडा सरळ तेरावर येऊन बसला. गाडी अशी डरकाळली की वेल्लिंगिरी दोन पावलं मागे सरले.

"भले! काय होतं गं?"

"काही नाही, अण्णा. गॅस्केट फुटलं होतं. फुटतात."

"फुटलं नव्हतं," नाचिमुत्तू उठून म्हणाले. "मी जुनंच घातलं होतं."

वेल्लिंगिरी त्यांच्याकडे बघायला लागले. पूंगोडीची मान खाली गेली.

"अप्पा, जाऊ द्या ना."

"का जाऊ द्या? चाळीस वर्षांत माझी चूक काढायची कुणाची छाती झाली नाही. हिने अर्ध्या तासात काढली! दे इकडे ते गॅस्केट."

संध्याकाळपर्यंत त्या रस्त्यावरच्या अकराही गॅरेजांत नाचिमुत्तूंची चूक पोचली होती. सांगत ते स्वतःच फिरत होते.