खैरतालाचा नकाशा

भय्यासाहेब पांढरीपांड्यांची फॅक्टरी सुटली, पण फाटक काही सुटलं नाही.

तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीच्या फाटकावर एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. आत जाणाऱ्याचा पास बघायचा आणि बाहेर येणाऱ्याला डबा उघडायला लावायचा. सहीशिवाय कागदाचा कपटासुद्धा बाहेर जाता कामा नये, आणि त्यावर मापं असतील तर मुळीच नाही. असा कागद सापडला तर जप्त करायचा, पण उघडून वाचायचा नाही. वाचणं हा वरच्या साहेबाचा अधिकार. दुसऱ्या महायुद्धात नोकरीला लागताना एका गोऱ्या साहेबानं हे त्यांच्या मनावर पक्कं बिंबवलं होतं. साहेब मायदेशी गेला, त्यालाही पंचवीस वर्षं होत आली. भय्यासाहेब मात्र अजून मदन महाल वस्तीतल्या घरात बाजारातून आलेली पिशवी दारातच तपासत.

"अहो, वांगी आहेत," कुंदाताई म्हणत. "बॉम्ब नाही."

वस्तीतल्या मराठी मंडळाचे ते सचिव होते. मंडळाचा शिपाई रामकृष्ण रोज संध्याकाळी घरी जाताना आपली झोळी त्यांच्यापुढे आपणहून उघडी धरायचा. आत रिकामा डबा आणि तंबाखूची पुडी. पण भय्यासाहेब वाकून बघायचे म्हणजे बघायचेच.

अशा माणसापुढे शैलजा घाटपांडे येऊन उभी राहिली, ही दोघांचीही साडेसाती.

शैलजा शाळेत मास्तरीण, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली. कुठून आली, कोणाची कोण, हे भय्यासाहेबांनी कधी विचारलं नाही. बाहेरची आहे एवढं त्यांना पुरलं. तिनं खैरताल वाचवायचा ध्यास घेतला होता. टेकडीखालचं हे गोंड राजांच्या वेळचं तळं. बांध फुटलेला, पायऱ्या ढासळलेल्या, आणि एका बाजूनं एका ठेकेदारानं मलबा टाकायला सुरुवात केलेली. तळं बुजलं की वस्तीतल्या विहिरी आटणार हे शेंबडं पोरही सांगत होतं, आणि सगळ्यात जवळची विहीर होती भय्यासाहेबांच्याच परसात. नळाला तासभर पाणी यायचं, तेही आलं तर.

दिल्लीचा एक न्यास जुन्या तळ्यांसाठी अनुदान देत होता. अटी तीन. अर्ज नोंदणीकृत संस्थेमार्फत यावा, चौथाई रक्कम गावातून उभी राहावी, आणि सगळे कागद तीस नोव्हेंबरच्या आत पोचावेत. म्हणून ती मंडळात आली.

"काका, सही तुमची लागेल," ती म्हणाली.

"बघू," भय्यासाहेब म्हणाले. फाटकावर 'बघू'चा अर्थ 'संशय आहे' असा होता.

एकाहत्तर साल होतं ते. लढाई आज होते की उद्या, असं चाललेलं. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद, फॅक्टऱ्यांत तीन पाळ्या, आणि लोकांच्या खिशातलं सगळं जवानांच्या मदतीला. "जवान सोडून डबक्याला काहून द्यायचं, दीदी?" असं लोक शैलजाला तोंडावर विचारत. त्यावर तिनं शक्कल काढली. फॅक्टरीतल्या प्रत्येकानं महिन्यातला एका तासाचा ओव्हरटाईम तळ्याला द्यायचा. कल्पना लोकांना पटली. पण किती जमेल याचा अंदाज अर्जात लिहायचा होता, म्हणून ती दारोदार विचारत सुटली. तुमच्या शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, माणसं किती? रात्रपाळीला किती? ओव्हरटाईम किती तास चाललाय?

भय्यासाहेबांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. कुठल्या शॉपमध्ये किती माणसं, किती तास! हेच विचारणाऱ्याला पकडायला तर त्यांना फाटकावर बसवलं होतं!

पुढच्या रविवारी ते तळ्यावर गेले. खैरतालाच्या पूर्वेला फॅक्टरीच्या गुदामांचं तारेचं कुंपण होतं. शैलजा बांबू बुडवून खोली बघत होती, वहीत लिहीत होती, मध्येच मान वर करून कुंपणाकडे पाहत होती. गाठी मारलेला लांब दोर धरून मापं घेणं चाललं होतं. दोराचं एक टोक तिच्या हातात. दुसरं टोक ज्या बाईच्या हातात होतं तिला पाहून भय्यासाहेबांना घाम फुटला. ती त्यांचीच बायको होती.

"काय करून राहिली तू तिथं?" घरी येताच त्यांनी विचारलं.

"दोर धरून राहिली होती," कुंदाताई म्हणाल्या. "आपली विहीर पण मोजून नेली तिनं. बेचाळीस फूट."

"विहीर पण?"

"अहो, उन्हाळ्यात पाणी मी शेंदते, तुम्ही नाही. गुणाची पोरगी आहे, काहून तिच्या मागं लागून राहिले?"

भय्यासाहेबांनी कोट खुंटीला अडकवला. गुणाची माणसंच पकडली जातात, हे बायकांना कोण सांगणार?

नोव्हेंबरच्या चोविसाव्या तारखेला शैलजानं सगळे कागद मंडळात आणून दिले. अर्ज, देणगीदारांची यादी, आणि चार घड्या घालून दोऱ्यानं बांधलेला नकाशा. शाळेची घंटा व्हायची होती, ती घाईत निघाली. "सही करून सील लावा काका. रामकृष्णभैया रजिस्टर पोस्टानं पाठवतील."

भय्यासाहेब एकटे उरले. त्यांनी अर्ज वाचला. झकास होता, त्यांनाही कबूल करावं लागलं. यादीत फक्त नावं आणि रुपये होते; पाळ्या, शॉप काही नव्हतं. त्यांनी सही ठोकली. मग तो दोरा बांधलेला कागद हातात घेतला. कुंपणालगतच्या जागेचा, मापं घातलेला कागद. लढाईच्या दिवसांत. आणि तो त्यांच्या सहीनं बाहेर जाणार?

त्यांनी दोरा सोडला नाही. वाचणं हा वरच्या साहेबाचा अधिकार. नकाशा कोटाच्या आतल्या खिशात गेला आणि बाकीचे कागद पाकिटात. दिल्लीवाल्यांना हवाच असेल तर मागतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. लाखेचं सील लावून पाकीट रामकृष्णच्या हाती दिलं. घरी नकाशा ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवला. लढाई संपली की फॅक्टरीतल्या साहेबाला नेऊन देऊ. त्या दिवशी जेवण त्यांना फार गोड लागलं.

लढाई झाली, जिंकली. फटाके फुटले, पेढे वाटले गेले. साहेबाकडे जाणं मात्र राहून गेलं.

जानेवारीत दिल्लीचं पत्र आलं. मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं. अर्ज उत्तम होता, लोकवर्गणी कौतुकास्पद होती. परंतु नकाशा जोडलेला नसल्यानं अर्ज विचारात घेता आला नाही, आणि या वर्षाचा निधी वाटून संपला.

शैलजा ताडकन उठली. "मी स्वतः दिला होता," ती म्हणाली. "दोऱ्यानं बांधून."

मग सगळ्यांच्या माना दाराशी उभ्या असलेल्या रामकृष्णकडे वळल्या. पाकीट पोस्टात कोणी नेलं? रामकृष्णनं. वाटेत कोणी उघडलं? आणखी कोण! तिकिटाचे पैसे खाल्ले असतील, कागद जड झाला म्हणून फेकला असेल. अध्यक्ष म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.

"साहब, लिफाफा तो बंद था," रामकृष्ण म्हणाला. "सील साहबनेच लावलं होतं." आणि त्यानं भय्यासाहेबांकडे पाहिलं. त्या नजरेत शंका नव्हती. साहेब खरं ते सांगतील, एवढा भरवसा होता, आणि तोच भय्यासाहेबांना सहन होईना. एकतीस वर्षं ते चोर शोधत होते. आज चोर कोण हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

"थांबा," ते म्हणाले. उठले, घरी गेले, ट्रंक उपसली. धापा टाकत परत आले आणि नकाशा टेबलावर ठेवला.

"मी काढून घेतला. कुंपण होतं म्हणून. लढाई होती म्हणून."

शैलजानं दोऱ्याकडे पाहिलं. गाठ तिनंच मारलेली, तशीच होती.

"तुम्ही उघडलासुद्धा नाही, काका?"

तिनं गाठ सोडून नकाशा पसरला. तळं, बांध, एकेक पायरी सुबक काढलेली. विहिरी गोलानं दाखवलेल्या. पहिल्याच गोलाजवळ लिहिलं होतं, 'पांढरीपांडे काकांची विहीर, बेचाळीस फूट, सगळ्यांत आधी हिचं पाणी जाईल.' आणि पूर्वेला, जिथे कुंपण आणि गुदामं असायला हवी होती, तिथे काहीच नव्हतं. नुसता कोरा कागद.

"तिकडचं मी काढलंच नाही," शैलजा म्हणाली. "माझे बाबा कटनीच्या अशाच फॅक्टरीत होते. फॅक्टरीच्या बाजूला पेन्सिल न्यायची नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे."

भय्यासाहेबांना वाटलं, आत्ता धरणी पोटात घेईल तर बरं. तसं काही झालं नाही. बैठक उठली. निघताना रामकृष्णनं सवयीनं झोळी त्यांच्यापुढे उघडी धरली.

"देख लीजिए, साहब."

त्यांनी पाहिलं नाही. त्यांना पाहवलंच नाही.

अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा करता येणार होता. ठेकेदाराचे ट्रक मात्र कोणाच्या तारखेसाठी थांबत नव्हते. मे महिन्यात कुंदाताईंचा पोहरा एके दिवशी पाण्याला टेकलाच नाही. त्यांनी घराकडे पाहून हाक मारली, "अहो, दोर पुरेना."

भय्यासाहेब शैलजाकडे गेले आणि पुढच्या अर्जासाठी विहीर पुन्हा मोजायला तिचा गाठींचा दोर मागून आणला.