पहिली मूठ

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची चक्की आहे. हल्ली माझ्या पोटात काहीच दळले जात नाही, त्यामुळे बोलायला मला वेळच वेळ आहे. कदाचित तुम्ही मला पाहिलेही असेल. एका मोठ्या चकचकीत दुकानात, रस्त्याकडच्या काचेच्या आतल्या बाजूला, पिवळ्या दिव्याखाली मी उभी असते. लोक माझ्या अंगावर हात ठेवून फोटो काढतात. माझ्या तोंडात मात्र कोणी डोकावत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. बिडाचे जड अंग, वर नरसाळ्यासारखे पितळी तोंड, खाली लाकडी खण आणि पोटात पोलादी दातांच्या दोन चकत्या. त्या दोघींना एकमेकींजवळ सरकवले की कॉफी बारीक निघे, दूर नेले की भरड. चकत्यांच्या मागे, दांड्याभोवती, जाड लोकरी कापडाचे एक कडे बसवलेले होते, कॉफीची भुकटी मागे जाऊ नये म्हणून. ते डोळ्यांना दिसत नसे आणि ब्रशलाही सापडत नसे. तुम्ही तेवढे ते कडे लक्षात ठेवा.

मला विकत घेणारे गृहस्थ कॉफीचे दाणे भाजून विकत. तीन पायऱ्यांचे लहानसे दुकान, मागच्या खोलीत भाजायचे पिंप, पुढे काउंटर आणि काउंटरवर मी. त्यांची मुलगी तेव्हा दोन वेण्या घालत असे. माझे चाक फिरवायला तिला स्टुलावर उभे राहावे लागे. पुढे मला मोटर बसवली, वेण्यांचा अंबाडा झाला, अंबाडा पांढरा झाला आणि सारी गल्ली तिला मावशी म्हणू लागली. मीही तेच म्हणेन.

रोज दुकान उघडले की मावशीचे पहिले काम माझ्यापाशी असे. आदल्या दिवशीची थोडी भुकटी माझ्या दातांत अडकलेली असायची. ती शिळी भुकटी ताज्या कॉफीत मिसळू नये, म्हणून मूठभर दाणे नुसते दळून टाकून द्यायचे. वडिलांनी घालून दिलेला हा नेम होता. ते म्हणत, “ही तिची न्याहारी.” मावशी मूठ माझ्या तोंडावर धरी, डोळे मिटे आणि पुटपुटे, “देवा, कालचं काल गेलं. आज माझ्या हातून कोणाच्या तोंडची चव बिघडू देऊ नकोस.” मग मूठ उघडे. ही न्याहारी झाल्याशिवाय ती स्वतः घोटभरही कॉफी घेत नसे. ताप असला तरी हे चुकले नाही. वडील गेल्यावर दुकान पुन्हा उघडले त्या सकाळीही चुकले नाही.

तिचा आणखी एक नेम होता. प्रत्येक पुडीवर ती दाणे भाजल्याची तारीख पेन्सिलीने लिही. पंधरा दिवस झाले की ते दाणे विकायचे नाहीत. उरलेले ती स्वतः पिई. मित्रांनो, ताजा दाणा माझ्या दातांखाली आला की कुडकन वाजतो. शिळा दाणा बोलत नाही, नुसता चिरडला जातो. डोळे बांधले तरी मी तुम्हाला दाण्याचे वय सांगू शकले असते, पण मला विचारतो कोण!

ते दिवस चांगले होते. पायऱ्यांवर रांग लागे. लोक म्हणत, “मावशी, तुमच्या चक्कीला दृष्ट काढायला हवी.” मावशी हसून माझ्या पितळेवरून फडके फिरवी. त्या फडक्याचा स्पर्श अजून माझ्या अंगाला आठवतो.

रांगेत दर पंधरा दिवसांनी एक मास्तर असत. निवृत्त झालेले, शर्टाचे वरचे बटणही लावणारे. त्यांचे हात थरथरत, म्हणून ते दाणे दळूनच नेत. त्यांच्या पत्नीला विस्मरणाचा आजार झाला होता. माणसे ओळखेनात, बोलणे थांबले. पण सकाळी मास्तर कॉफी करायला घेत आणि वास खोलीत गेला की त्या मान वळवून म्हणत, “झाली का?”

“दिवसभरात तेवढे दोनच शब्द,” मास्तर मावशीला म्हणाले होते. “पण माझा दिवस निघतो त्यावर.”

त्या दिवसापासून मास्तरांची पुडी बांधताना मावशी बोलत नसे. जप मोडू नये तशी ती पुडी बांधी.

मग समोर मोठे दुकान उघडले. अशी दुकाने म्हणे त्यांची शंभर गावांत आहेत. थंडगार हवा, मऊ खुर्च्या, कागदी पेले. त्यांच्या दोन पेल्यांच्या किमतीत आमच्याकडे पावशेर दाणे मिळत आणि ते पावशेर मास्तरांच्या घरी पंधरा दिवस पुरत. त्यांच्याकडेही दाण्यांची पाकिटे होती, आमच्या दुप्पट भावाची. त्यावर कधीपर्यंत वापरावे ते छापलेले असे, कधी भाजले ते नसे. मला वाटले, लोकांना हिशेब कळतो, जिभाही आहेत. चार दिवस जातील आणि येतील परत.

चार दिवस गेले. लोक आले नाहीत.

एक जुने गिऱ्हाईक समोरचा पेला हातात घेऊनच एकदा पायरी चढले. “मावशी, तिथे पेल्यावर आपलं नाव लिहून देतात हो!”

“हो का?” मावशी म्हणाली. “मी तारीख लिहून देते. नाव तर मला पाठच आहे तुमचं.”

ते हसले. पुडी न घेताच उतरून गेले.

आणखी एक गंमत अशी, की समोरच्या दुकानात गर्दीमुळे दाणे दळून मिळेनात. पाकिटे घेतलेले लोक रस्ता ओलांडून आमच्याकडे येऊ लागले. मावशी नम्रपणे हात जोडी. “रागावू नका. आपल्या छपराखाली भाजलेला दाणाच हिच्या तोंडात घालायचा, असं वडील सांगून गेलेत. दुसरा वास लागला तर तो हिच्यातून जात नाही.” लोक रागावतच. “एवढा सोवळेपणा करून दुकान चालतं होय?” असे एकजण ऐकवून गेला. मावशी पुन्हा काउंटर पुसू लागली.

आणि मग तो दिवस आला. त्या दिवशी सकाळच्या न्याहारीनंतर माझ्या पोटात एकही दाणा पडला नाही. मावशीने काउंटर पुसला. बरण्या पुसल्या. मला दोनदा पुसले. उन्हे पायऱ्यांवरून उतरली तरी कोणी वर आले नाही. इतकी शांतता होती, की समोरच्या दुकानातले दूध फेसाळण्याचा फुसफुसाट आमच्याकडे ऐकू येत होता.

संध्याकाळी शेजारची शिवणवाली आली. गळ्यात टेप, हातात समोरच्या दुकानाचे पाकीट.

“मावशी, एका गिऱ्हाइकाने भेट दिली. घरी फोडून बघते तर आत अख्खे दाणे! यांचं काय करू, चघळू?”

मावशी हसली. पाकिटाचा वास घेतला. दाण्यांवर तेल सुटलेले आणि वरून व्हॅनिलाचा गोड अर्क चोळलेला.

“तुमचा नेम ठाऊक आहे मला,” शिवणवाली म्हणाली. “जाऊ दे, नेते परत.”

ती वळली. दाराबाहेर एक पाय पडलासुद्धा. तेव्हा मावशी म्हणाली, “थांब गं. आण इकडे. तेवढीच चक्की फिरेल. सकाळपासून दुकानात आवाज नाही.”

मित्रांनो, लोभापायी नेम मोडणारे पुष्कळ असतात. माझ्या मावशीने तो थोड्याशा आवाजासाठी मोडला. मी फिरले. खोटे कशाला सांगू, दिवसभर उपाशी राहिल्यावर मलाही फिरायला बरे वाटले.

शिवणवाली गेल्यावर मावशी भानावर आली. तिने एक मूठ दळली, दुसरी दळली, तिसरी दळली. चकत्या काढून ब्रशने घासल्या. भुकटी तळहातावर घेऊन हुंगली आणि म्हणाली, “गेला वास.” जन्मभर धुरापुढे बसलेले नाक ते. त्याला आता बारीक काही कळत नव्हते, आणि हे तिला ठाऊक नव्हते. वास गेला नव्हता. माझ्या दांड्याभोवतीच्या लोकरी कड्यात तो गोड तेलकट वास मुरून बसला होता आणि दळताना ऊब मिळाली की सुटत होता. मला सारे कळत होते, पण मला घरघरण्यापलीकडे भाषा नाही.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांची पाळी होती. मावशीने सकाळी नेहमीची मूठ वाहिली, नेहमीचे शब्द म्हटले. मास्तरांनी पुडी छातीशी धरून नेली.

चौथ्या दिवशी ते परत आले. शर्टाचे वरचे बटण उघडे होते. त्यांनी पुडी काउंटरवर ठेवली.

“मावशी, ही तुमची कॉफी नाही.”

“माझीच आहे, मास्तर. शनिवारी भाजलेली. तारीख बघा ना.”

“तारीख काय, पेन्सिलीनेच लिहायची असते. गोड वास मारतो हिला. तीन सकाळी झाल्या, ती मान वळवत नाही. मी कप तिच्या नाकाशी नेला. तिने हाताने ढकलला.” त्यांनी पुडी मावशीकडे सरकवली. “तुम्हाला तिकडचा माल आणून विकायचा होता, तर मला सांगायचं होतं. मी तिकडूनच नेला असता. निदान फसवलं तरी नसतं कोणी.”

“मास्तर, माल माझाच हो, पण त्या दिवशी चक्कीत...”

पण ते पायऱ्या उतरत होते. हात कठड्यावर, पाठ दुकानाकडे. वाक्य मावशीच्या तोंडात अर्धेच राहिले.

तिने पुडी उघडली. नाक आत घालून किती तरी वेळ तशीच बसली. मग शिवणवालीला हाक मारली. “तुझं नाक चांगलं आहे. जरा हुंगून सांग.”

शिवणवालीने हुंगले आणि तिचा चेहरा उतरला. “माझ्या पाकिटाचा वास आहे हा, मावशी.”

दोघींनी मिळून मला पार उघडले. जन्मात पहिल्यांदा माझा दांडा बाहेर आला. शिवणवालीची बोटे त्या कड्यावर थांबली. “अगं बाई, हे तर कापड आहे! कापड का वास सोडतं कधी? मला विचारायचं होतंत.” तिने ते उसवून काढले आणि आपल्याकडच्या जाड लोकरी तुकड्यातून तसेच नवे कडे कापून बसवले. मावशीने पिंप पेटवले, नवे दाणे भाजले. दळताना मी इतकी जपून फिरले, जणू परीक्षाच होती. शिवणवाली म्हणाली, “आता स्वच्छ आहे.” डोक्यावरून पदर घेऊन मावशी गरम पुडी घेऊन निघाली.

ती परतली तेव्हा दिवस मावळायला आला होता. चप्पल न काढताच ती स्टुलावर बसली.

“काय झालं?” शिवणवालीने विचारले.

“दार उघडलं त्यांनी. सगळं सांगितलं मी, चूक माझी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्यासमोरच कॉफी केली. वास घरभर सुटला, अगदी पहिल्यासारखा.” मावशीने आता चप्पल काढली. “आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. ती छताकडे बघत राहिली.”

“उद्या बोलेल.”

“मास्तरही तेच म्हणाले.”

मावशी रोज विचारायला जाई. आठ दिवस गेली. नवव्या दिवशी मास्तर दारातच म्हणाले, “नका येऊ आता. तुम्ही आलात की मला आशा वाटते.” आजार वाढतच होता, तो केव्हातरी ते दोन शब्दही नेणारच होता, असे शिवणवालीने परोपरीने सांगितले. खरेही असेल. पण ते शब्द आजाराने नेले की माझ्या पोटातल्या वासाने, हे कधीच कळणार नाही. त्या न कळण्यातच मावशी राहू लागली. तिने नेम सोडला नाही. सकाळची मूठ चालू होती, फक्त ओठ हलत नसत. “आज कोणाच्या तोंडची चव बिघडू देऊ नकोस,” हे मागायचा आपला हक्क गेला, असे तिला वाटत असावे.

महिनाभरात दुकान बंद झाले. मला भंगारवाल्याने नेले. त्याच्याकडून समोरच्या मोठ्या दुकानाने घेतले, शोभेसाठी. वजन नको म्हणून माझी मोटर काढली, चकत्या काढल्या. शिवणवालीने बसवलेले कडेही गेले. पितळेला झिलई दिली आणि तोंडात गोंदाने चिकटवलेले, रोगण लावलेले दाणे भरले. लोक म्हणतात, “किती छान! पूर्वी असं दळायचे.” माझ्यासमोर रस्त्यापलीकडे तीन पायऱ्या दिसतात आणि वर कुलूप.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. एखाद्या लहानशा दुकानात कोणी दिवसभर एकटे बसलेले दिसले, तर पायरी चढा. दाणे कधी भाजले ते विचारा. काही घेतले नाही तरी चालेल, पण तिथे थोडा आवाज होऊ द्या. आणि कोणी आपली चूक सांगू लागले, तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत तरी पाठ फिरवू नका.

एके सकाळी मावशी इथे आली होती. पहिल्यांदाच. कोणी तिला ओळखले नाही. ती माझ्यापाशी उभी राहिली, पिशवीत हात घातला आणि मूठ माझ्या तोंडावर धरून डोळे मिटले. ओठ हलले की नाही, ते मला दिसले नाही. मग तिने मूठ उघडली आणि निघून गेली.

ते दाणे त्या चिकटवलेल्या दाण्यांवर तसेच पडून आहेत. मला ते गिळता येत नाहीत. आज त्यांना सोळावा दिवस लागला.