शर्मनच्या अंगावर यूडोरा

मित्रांनो, वाळवंटात अर्धा रुतलेला हा काळाठिक्कर सांगाडा म्हणजे मी, एक जुना रणगाडा. माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला नाव नव्हतं, नुसता एक क्रमांक होता. १९४२ च्या सप्टेंबरात समुद्र ओलांडून मी इजिप्तला इंग्रजांच्या फौजेत आलो आणि बघतो तर काय, इंग्रजांना क्रमांक लक्षात ठेवायचा भारी कंटाळा! अमेरिकेहून आलेल्या रणगाड्यांना ते अमेरिकेच्याच यादवी युद्धातल्या सेनापतींची नावं देत होते. मी झालो शर्मन, त्या युद्धात दक्षिणेला हरवणारा उत्तरेचा सेनापती. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव आपल्याला! माझं पोलाद नुसतं शहारलं.

माझ्या पोटात पाच इंग्रज बसायचे. त्यांचा प्रमुख सार्जंट पार्जिटर शांत माणूस, तर चालक क्लेग अखंड बडबड्या. त्यांना शिकवायला अमेरिकेहून सार्जंट ट्रेडवे आला. लढाई महिन्यावर आली होती आणि माझ्यातलं काहीच त्यांना धड येत नव्हतं.

पहिल्याच दिवशी क्लेगने वाळूत पेट्रोल ओतून पेटवलं, त्यावर चहा केला आणि पाहुण्याच्या हातात पेला दिला.

"घ्या सार्जंट! आणि बघा, तुमच्याच सेनापतीचं नाव दिलंय गाडीला. घरी आल्यासारखं वाटतंय की नाही?"

ट्रेडवेने पेला खाली ठेवला.

"मी जॉर्जियाचा आहे, अमेरिकेच्या दक्षिणेतला. ह्या शर्मनच्या फौजेनं माझ्या आजीचं घर जाळलं. तिची आई चांदीचे चमचे आणायला मागे वळली, ती बाहेर आलीच नाही. आजी आठ वर्षांची होती तेव्हा. अख्ख्या अमेरिकेत तुम्हाला हाच सापडला?"

तो निघून गेला आणि दोन दिवस फिरकला नाही. क्लेगची बडबड बंद पडली. मलाही लाज वाटली. ज्या नावाने मी फुगलो होतो, ते एका माणसाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पार्जिटरने त्याला गाठलं. "ते नाव वर कुठेतरी ठरलं हो, आम्हाला कोण विचारतो! पण गाडीच्या अंगावर आपल्या आवडीचं नाव रंगवायची आमची पद्धत आहे. तेवढं आमच्या हातात आहे. आजीचं नाव काय?"

"यूडोरा."

क्लेगला तिथे होणाऱ्या बायकोचं नाव लिहायचं होतं. "मेव्हिस मला सोलून काढणार," असं पुटपुटत त्याने माझ्या कुशीवर पांढऱ्या रंगात यूडोरा लिहिलं. ट्रेडवेने ते नाव एकदा मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, "चला, आत बसा. पहिला धडा बाहेर पडायचा."

आणि मग काय! दिवसातून वीस-वीस वेळा आत शिरायचं, बाहेर उड्या मारायच्या. "गाडी पेटली की काहीही घ्यायला मागे वळायचं नाही!" ट्रेडवे ओरडायचा. पाचही जण त्याला शिव्या घालत, घामाने निथळत शिकले.

ऑक्टोबरात शेकडो तोफा एकदम सुटल्या. पोलादाचा असूनही मी थरथरलो. चौथ्या दिवशी एक गोळा माझं अंग फोडून आत शिरला आणि आग भडकली. चौघे बाहेर पडले. क्लेग मात्र मेव्हिसचा फोटो काढायला वळला.

"क्लेग! यूडोरा!" बाहेरून पार्जिटरने हाक मारली.

क्लेगने फोटो सोडला आणि उडी मारली. मी जळत होतो आणि वाळूत लोळणारी ती पाच जिवंत माणसं बघत होतो. त्याहून थोर काही मी आजवर पाहिलेलं नाही.

लढाई पुढे सरकल्यावर ट्रेडवे क्लेगला घेऊन मला बघायला आला. रंगाचा मागमूस उरला नव्हता. क्लेग मान खाली घालून म्हणाला, "आजी पुन्हा जळली हो, सार्जंट."

ट्रेडवेने माझ्या काळ्या अंगावर हात ठेवला. "जळू दे. या खेपेला घरातले सगळे बाहेर आले." एवढं बोलून तो ढसाढसा रडला.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं माझं मागणं नाही. फक्त उद्या रस्त्याला, शाळेला, कशालाही एखादं मोठं नाव द्याल, तेव्हा ज्यांना ते रोज उच्चारायचं आहे त्यांना आधी विचारा. ते रागावून बोलले तरी ऐकून घ्या. माझी पाच माणसं त्या ऐकण्यामुळे घरी गेली.