माझ्या डोळ्यातली हळद

आधी खिडक्या बंद करा, ट्यूबलाइट घालवा आणि मग मान वर करा. छताला पाय चिकटवून उलटा लटकलेला, घरघर करणारा जो पांढरा डबा दिसतोय, तो मी. प्रोजेक्टर. मी उलटा असलो तरी माझं चित्र सुलटं पडतं, त्याची काळजी नको. काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टींची, आणि आज त्याच सांगायला मी तोंड उघडलंय. तसा मी मुका आहे, पण आज मला राहवत नाही.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. डोळा उघडला तर समोर पांढरी भिंत आणि त्यावर रंगीत पट्ट्या. त्या पट्ट्या मी बघत नसून मीच पाडतोय हे लक्षात आलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की पंखा एकदम जोरात फिरला. तपासणाऱ्या माणसाला वाटलं पंख्याची चाचणी पास झाली. त्याने कागदावर बरोबरची खूण केली आणि मला थर्माकोलमध्ये कोंबलं.

मला वाटलं, आता सिनेमा! गेलो मात्र ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कंपनीत. सलिल नावाचे साहेब तिथले मॅनेजर. दर सोमवारी सकाळी दहा वाजता माझ्याकडून ते भिंतीवर एक गोल पाडून घ्यायचे, त्याच्या रंगीत फोडी करायचे, आणि दहा-बारा माणसं त्या फोडींकडे बघून माना डोलवायची. चार वर्षं मी फोडी पाडल्या. पण सलिलसाहेबांबद्दल वाईट बोलणार नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ते माझी जाळी ब्रशने साफ करायचे, लेन्सला झाकण लावायचे. माझं माहितीपुस्तक तर त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. आतून बाहेरून स्वच्छ राहायची सवय मला त्यांनीच लावली.

मग ऑफिसच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही आला आणि माझी गरज संपली. कंपनीचं गोडाऊन कोपरीच्या कमलेशशेठ यांच्या जागेत होतं. शेठच्या घरचे पूर्वी भातशेती करायचे, मिठागरावर राबायचे. आता त्याच जमिनीवर त्यांची बिल्डिंग उभी आहे. शेठ भाड्याच्या कामाला आले आणि मला बघून तिथेच थांबले. सलिलसाहेबांनी मला चालू करून दाखवलं. चित्र इतकं लख्ख पडलं की शेठनी भिंतीला हात लावून बघितला. त्याच दिवशी सौदा झाला आणि टेम्पोत बसून मी कोपरीला आलो. दुसऱ्या दिवशी दसरा होता, आणि माझं सगळं महाभारत तिथेच सुरू झालं.

या घरची दसऱ्याची पद्धत मोठी दांडगी. घरात जे जे काम करतं, त्याची पूजा. कोयता, मिक्सर, गाडीच्या किल्ल्या, पाण्याच्या मोटरीचं बटण, निशिगंधाचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. निशिगंधा म्हणजे कमलेशशेठची मुलगी, कॉलेजात जाणारी. आणि पूजेचा मान शेठच्या आईचा, ठमाबाईंचा. मलाही पाटावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला फूल घालत होतं, मी फुगून बसलो होतो.

ठमाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मला हाताने चाचपलं, झाकण लागलं, तर म्हणाल्या की देवासमोर तोंड झाकून कुणी बसतं का. झाकण काढलं. मग बोटाने हळद कालवली आणि यंत्राचं कपाळ असेल तिथे लावावी म्हणून नेमकी माझ्या लेन्सवर लावली. त्यावर कुंकू. चांगलं दाबून, प्रेमाने.

मी ओरडलो असतो, पण प्लग काढलेला होता.

पूजा झाल्या झाल्या शेठनी मला छताला टांगलं. खाली माणसं, वर मी, आणि माझ्या डोळ्यात वाळत चाललेली हळद. पहिल्या दिवशी घरच्यांनी क्रिकेट लावलं. पांढऱ्या कपड्यांतले दोन संघ मैदानात उतरले ते सगळे पिवळे धमक, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव दिसतो तसे. अंपायरसुद्धा. घरातली पोरं हसून हसून लोळली. शेठ हसले नाहीत. चित्र धूसर होतं, मध्यभागी लालसर झाक होती, आणि उजेड अर्धाच. आदल्याच दिवशी हाच डबा लख्ख चालत होता हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, कुणीतरी वर बघितलं असेल. नाही. माणसांची ही सवय मला आजवर कळलेली नाही. चित्र बिघडलं की ती चित्राकडे बघतात. डोळे बारीक करून, जवळ जाऊन, भिंतीला नाक लावून बघतात. चित्र येतं कुठून तिकडे कुणी बघत नाही. कधी चुकून बघितलंच तर माझा झोत डोळ्यावर येतो आणि ते शिवी देऊन मान फिरवतात.

शेठनी केबल बदलली. मग भिंत बदलली, म्हणजे पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. खिडकीतून उजेड येतो म्हणून स्वतःच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून खिडकीवर ठोकला. निशिगंधाने मोबाईलवर व्हिडिओ बघून माझ्या मेन्यूत हात घातला. पिवळं कमी करायला तिने निळं वाढवलं, तर बातम्या देणारी बाई विष प्यायल्यासारखी दिसू लागली. मग तिने चौकट सरळ करायला घेतली, तर वरची बाजू रुंद झाली आणि खालची अरुंद. आठवडाभर या घरात सगळे नट टोपलीएवढ्या डोक्याचे आणि काडीएवढ्या पायांचे होते. शेजारच्या काकांनी जुन्या टीव्हीचा अनुभव सांगून मला दोन चापट्या मारल्या. मी हललो, चित्र हललं, काका म्हणाले, बघा, फरक पडला.

हे सगळं मला गमतीचं वाटत होतं, खरं सांगतो. एवढी माणसं एवढ्या वेळ माझा विचार करतायत हे सुख वागळे इस्टेटमध्ये नव्हतं. पण मग ती कॅसेट सापडली आणि माझी गंमत संपली.

कॅसेट होती कमलेशच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची, तीस वर्षांपूर्वीची. निशिगंधाला ती पत्र्याच्या पेटीत मिळाली. तिने डोंबिवलीला एका दुकानात देऊन ती पेन ड्राइव्हमध्ये उतरवून आणली. त्यात हळदीचा कार्यक्रम होता, वाजवायला बेंजो पार्टी होती, आणि गोविंदा होते. गोविंदा म्हणजे ठमाबाईंचे मालक, कमलेशशेठचे वडील. मिठागरावर उमेदीची वर्षं गेलेला, कमी बोलणारा माणूस. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो आहे, त्यात तर ते कुणावर तरी रागावलेलेच आहेत. पण पोरीच्या हळदीला हा माणूस डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन, हात सोडून नाचला होता. गावात अजून ती गोष्ट सांगतात.

ठमाबाई तेव्हा घरामागच्या चुलीवर दीडशे माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. वाजवणं ऐकू येत होतं, ओरडा ऐकू येत होता, पण तव्यावरची भाकरी टाकून उठायचं कसं? त्या पुढे आल्या तोवर कळशी खाली आली होती. "आख्ख्या कोपरीन बगला, मीच नाय बगला," असं त्या निशिगंधाला म्हणाल्या, तेव्हा माझा पंखा बंद होता म्हणून मला नीट ऐकू आलं. मला फार वाईट वाटलं. कारण आता तो नाच दाखवायचा कुणी, तर मी. आणि माझ्या डोळ्यात त्यांचीच हळद.

दिवाळीनंतर ठमाबाईंच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली, एक झालं मग दुसरं. त्यानंतर घरात जो धुमाकूळ झाला तो विचारू नका. त्यांना कोपऱ्याकोपऱ्यातली कोळिष्टकं दिसू लागली, मसाल्याच्या पाकिटावरच्या तारखा दिसू लागल्या, आणि आपल्या पोराचे केस एवढे पिकलेत हेही त्यांना त्याच आठवड्यात कळलं. डॉक्टरांनी स्क्रीन बघायला परवानगी दिली तशी त्यांनी तारीखच ठरवली. रविवारी दुपारी मालकांचा नाच बघायचा. सगळ्या नात्यागोत्याला निरोप गेले.

शेठनी सलिलसाहेबांना फोन केला. बिघडलेला माल गळ्यात मारला असं ते सरळ म्हणाले नाहीत, पण आवाजात ते होतं. सलिलसाहेबांना ते लागलं. रविवारी ते स्वतः आले, नवी केबल आणि चौदा कारणांची छापील यादी घेऊन. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. खोलीत पंचवीसेक माणसं, पुढे आरामखुर्चीत ठमाबाई, नवीन लुगडं नेसून.

व्हिडिओ लावला. हळदीचा व्हिडिओ आणि पिवळा प्रोजेक्टर. कोणाला खरी हळद लागलीय आणि कोणाला मी लावलीय, काही कळेना. एक धूसर पिवळा ढग दुसऱ्या धूसर पिवळ्या ढगापुढे हलत होता. कुणी म्हणालं, हा गोविंदाभाऊ. कुणी म्हणालं, नाही, हा मांडवाचा खांब. ठमाबाई खुर्चीतून पुढे वाकल्या, नव्या डोळ्यांनी त्या ढगात शोधत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या की ऑपरेशन बहुतेक बिघडलं. मला त्या क्षणी छतावरून पडून फुटून जावंसं वाटलं.

सलिलसाहेबांनी यादीतली तेरा कारणं तपासली. रंग, चौकट, फोकस, केबल, दिवा, सगळं ठीक. चौदावं कारण होतं, यंत्र पूर्ण बंद करून पाच मिनिटांनी परत चालू करणे. त्यांनी मला बंद केलं. कुणीतरी ट्यूबलाइट लावली. ठमाबाई थकून आरामखुर्चीत मागे रेलल्या आणि त्यांची नजर वर गेली. त्यांची नजर माझ्यावर असताना पहिल्यांदाच माझा झोत बंद होता आणि खोलीत उजेड होता.

"कमलेश," त्या म्हणाल्या, "त्याच्या डोल्यान काय गेलाय?"

पंचवीस माणसांनी सवयीने भिंतीकडे बघितलं.

"भितीवर नाय. वर बग."

शेठ स्टुलावर चढले. माझ्या डोळ्यात डोळा घालून बघितलं आणि तसेच उभे राहिले. मागोमाग सलिलसाहेब चढले. त्यांनी आपली यादी घडी करून खिशात घातली आणि दुसऱ्या खिशातून लेन्स पुसायचं मऊ फडकं काढलं. शेठनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "सायेब, पूजेचा कुंकू हाय. असा पुसाचा नाय."

मग सल्ले सुरू झाले. एक मावशी म्हणाल्या, आपोआप झडेल. दुसऱ्या म्हणाल्या, भटजींना विचारू. कुणी म्हणालं, पुढच्या दसऱ्याला नवीन लावताना जुनं निघेल. म्हणजे आणखी दहा महिने! आणि ठमाबाईंची पंचाहत्तरी उलटलेली. मी दिव्यासकट थंड पडत चाललो होतो.

ठमाबाईंनी मला खाली काढायला सांगितलं. शेठनी स्क्रू सोडले आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मला वळवलं, आपण लावलेलं बोट नीट पाहिलं. बोटाच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या.

"तो गेला तवा माजा कुंकू पुसाला धा बायका धावल्या," त्या म्हणाल्या. "ह्यो मी माज्या हातान पुसनार. त्याला बगाला."

सलिलसाहेबांनी फडकं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला पदर असता तर मला आवडलं असतं, पण लुगडं नवं होतं, म्हणून त्यांनी निशिगंधाच्या गळ्यातली सुती ओढणी ओढली, काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि गोल गोल पुसायला लागल्या. सलिलसाहेब प्रत्येक वेढ्याला श्वास रोखत होते. मला मात्र इतक्या गुदगुल्या झाल्या की सांगता सोय नाही. हळद निघाली, कुंकू निघालं, आणि मला समोर एक म्हातारं, सुरकुतलेलं, अगदी जवळ आलेलं तोंड स्वच्छ दिसलं.

मला परत टांगलं. व्हिडिओ लावला. काय सांगू, चित्र असं पडलं की मीच दचकलो! मांडवाची झालर, बेंजोवाल्याचा सोनेरी दात, पोरांच्या नाकाला लागलेली हळद. आणि मधोमध गोविंदा. डोक्यावर कळशी, दोन्ही हात मोकळे, गुडघे वाकवून असा ठेका धरलेला की कळशीतलं पाणी एक थेंब सांडत नव्हतं. आणि तो माणूस हसत होता. दात दिसतील असं.

ठमाबाई उठल्या. भिंतीकडे चालत गेल्या, आणखी जवळ, अगदी भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. साहजिकच सगळं चित्र त्यांच्या पाठीवर पडलं. कळशी त्यांच्या अंबाड्यावर आली, गोविंदांचे पाय लुगड्याच्या काष्ट्यामध्ये मोडले, चेहरा पदराच्या घडीत अर्धा गेला. फोकस गेला, चौकट गेली, रंगाला लुगड्याचा हिरवा रंग मिसळला. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं वाईट चित्र दाखवलेलं नाही. मागून कुणीतरी सवयीने म्हणायला लागलं की आजी, बाजूला हो, आणि शेठनी त्याला हाताने गप्प केलं. रिमोट सलिलसाहेबांच्या हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला.

तो नाच त्या दुपारी नऊ वेळा लागला. नऊही वेळा त्या तिथेच उभ्या होत्या.

आता मी या घरातच आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला निशिगंधा स्टुलावर चढून माझा डोळा बघते. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल तर माझं एवढं ऐका. चित्र बिघडलं की भिंत रंगवायला धावू नका, आधी वर बघा. आणि चांगलं चित्र लागलेलं असताना कुणी मधे येऊन उभं राहिलं, तर लगेच बाजूला हो म्हणू नका. कोण उभं आहे आणि कुणाला बघतंय, ते आधी बघा.