दोनवरचा उजेड

डिशमधल्या पेशी आपल्याच चुकीनं मेल्या असाव्यात, असं ताईला अगदी मनापासून वाटत होतं. एरवी चूक कबूल करायची म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. पण आज गोष्टच तशी होती. चूक तिची नसेल तर दोष औषधाचा होता, आणि तेच औषध अकरा वाजता तिच्या धाकट्या भावाच्या शिरेत जायचं होतं.

भावाला, म्हणजे बारक्याला, चार महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याचंच शरीर मारत सुटलं होतं. डॉक्टरांच्या अंदाजानं पाचातली एक उरली होती. उरलेल्या वाचवण्याचं नवं औषध ताईच्याच प्रयोगशाळेत तपासत होते. माणसांवरच्या चाचणीत बारक्याचं नाव तिनंच घालायला लावलं, तिथल्या मुख्य सरांचं डोकं खाऊन खाऊन.

ताईचं काम जिवंत पेशींची फिल्म काढण्याचं. दान मिळालेल्या स्वादुपिंडातल्या पेशी डिशमध्ये ठेवायच्या, चमकणारा रंग घालायचा, मग साखर द्यायची. साखर लागली की जिवंत पेशी लुकलुकतात. बारक्याला याचं भारी कौतुक. "माझ्या पोटातले दिवे किती उरलेत, बघून सांग की," म्हणायचा. ताईला सगळं दिसतं, असा त्याचा ठाम समज.

निरोगी माणसांच्या पेशींना औषधानं काही झालं नव्हतं. मधुमेह झालेल्या माणसाच्या पेशी मात्र काल पहिल्यांदाच आल्या, त्याही जेमतेम दोन डिश. पहिल्या डिशमध्ये औषध टाकलं आणि पंचविसाव्या मिनिटाच्या पुढे एकेक पेशी विझत गेली.

आता गंमत अशी, की सूक्ष्मदर्शकाचा उजेड जास्त झाला तरी पेशी मरतात. म्हणून तो दोनवर ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा, हा तिथला नियम. सूक्ष्मदर्शक जुना. उजेडाचं बटण हातानं फिरवायचं, त्याची नोंद संगणकात होत नाही. नवख्या कोणी आकडा लिहिला नाही तर ताई त्याला फाडून खायची. आणि काल बाईसाहेबांचीच जागा कोरी. फिल्म सुरू करताना बारक्याचा फोन आला, "उद्या माझा चार्जर घेऊन ये गं," आणि त्या नादात लिहायचं राहिलं. शेवटी सवयीनं बटण शून्यावर आणलं. झालं, पुरावाच गेला.

"चित्र झकास यावं म्हणून चार-पाचवर नेलं असशील," सर सकाळी म्हणाले. "खोड आहेच तुझी ती."

"नेलं असेन, सर." नेलेलंच असू दे, असं ती मनात म्हणत होती.

"दुसरी डिश लाव. अकराच्या आत कळेल. त्याआधी वॉर्डात काही सुरू होत नाही."

अंधाऱ्या खोलीत ती बसली. बटण दोनवर. आकडा वहीत दोनदा लिहिला. साखर दिली, पेशी लुकलुकल्या. औषध दिलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. दिवे शाबूत होते. काल आपणच माती खाल्ली तर, असं म्हणत ती चक्क हसली.

सव्विसाव्या मिनिटाला कोपऱ्यातली एक पेशी विझली.

"एखादी जातेच," मागून सर म्हणाले.

मग तिच्या शेजारच्या दोन गेल्या. मग चार.

"वहीत बघा ना सर. दोनच आहे ना?"

सरांनी मोबाइलच्या उजेडात आधी वही पाहिली, मग बटण. "दोनच आहे."

तिनं वॉर्डात फोन लावला. नर्सबाईंचा आवाज खुशीत होता. "तुमच्या भावाचं औषधाचं सलाइन लावलं की मघाशीच. आधीचा पेशंट आला नाही, मग म्हटलं यांना घेऊन टाकू."

"बंद करा ते."

"अहो, तुमच्या सांगण्यावरून कसं बंद करू?"

सरांनी फोन हिसकावला आणि हुकूम सोडला. मग तो पुन्हा ताईच्या हातात दिला. पलीकडे धावपळ, कसलीतरी खडखड, आणि मग बारक्या.

"काय झालं गं? सगळे असे का पळतायत?"

"किती गेलं तुझ्या अंगात?"

"निम्मी बाटली असेल." त्याला कळलं असावं. त्याच्या आवाजातली मस्करी गेली. "ताई, माझे किती उरलेत? बघून सांग ना."

तिच्यासमोर पडद्यावर तीन पेशी लुकलुकत होत्या. मग दोन. त्या भलत्याच कोणाच्या होत्या. बारक्याच्या पोटात बघायला तिच्याकडे काहीही नव्हतं.

"चार्जर घेऊन येते," ताई म्हणाली.